सावली जाण्याचं दुखणं

२८ एप्रिल १८१७, सोमवार

डॉक्टर पेटिग्रूंनी त्यांची औषधांची जुनी वही मला देऊन टाकली. उरलेल्या पानांवर रोजचे ताप लिहीत जा, म्हणाले. ताप दोन ओळींत संपतात. बाकीच्या जागेत मी माझं लिहिणार, कारण या मळ्यावर माझ्याशी दोन शब्द बोलावेत अशा लायकीचं कोणी नाही. गोरे माझ्याशी बोलत नाहीत, आणि आमच्या लोकांना माझ्याकडून एरंडेलाखेरीज काही मिळत नाही. तेही त्यांना नकोच असतं.

मी टायटस. दवाखाना सांभाळतो. मळ्यावरच्या बाकी सगळ्यांसारखा मीही मालकाच्या मालकीचा. फक्त माझ्या पायात बूट आहेत आणि मला वाचता येतं. नाडी बघतो, नस्तर मारतो, पट्ट्या बांधतो. आठवड्यातून एकदा डॉक्टर घोड्यावरून येतात, मी केलेलं बघून मान हलवतात आणि त्या मान हलवण्याचे पैसे घेऊन जातात. मळ्याचं नाव 'पेशन्स', म्हणजे धीर. नाव ठेवणारा लंडनला बसलाय, जमैकाचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही. धीर धरायचं काम आमच्याकडे आहे.

संध्याकाळी बेनेबा आली. माझी भाची. बहीण गेल्यापासून तिला मीच काय तो नातेवाईक. पाचवा महिना चालू आहे. याआधीची दोन्ही पोरं पोटातच गेली, एक उसासाठी खड्डे खणताना, एक मोळ्या वाहताना.

"मामा, मी आजारी आहे असं लिही ना."

मी जीभ पाहिली, नाडी पाहिली. जीभ गुलाबी, नाडी घड्याळासारखी. "तुला काहीही झालेलं नाही," मी म्हणालो.

"नवा साहेब हलकी कामं बंद करणार म्हणतात. होऊ नये म्हणून तर आलेय."

"दवाखान्यात झालेल्या दुखण्यांना जागा आहे. होणाऱ्यांना नाही."

ती निघून गेली. वाक्य मला आवडलं, म्हणून इथे उतरवून ठेवलं.

२ मे, शुक्रवार

नाताळात स्कॉटलंडहून आलेला आमचा नवा साहेब, मिस्टर रॅट्रे, आज नवा हुकूम काढून बसला. आधीचा साहेब, बेनेबाची दोन्ही पोरं गेल्यानंतर का होईना, गरोदर बायांना हलकी कामं द्यायचा आणि अंगावर पाजणाऱ्यांना ऊन वर आल्यावर येऊ द्यायचा. आता पहाटे शंख वाजला की सगळ्यांनी उसात. पाऊस तोंडावर आलाय, बंदरात जहाज साखरेची वाट बघतंय, आणि लाडाकोडाला वेळ नाही.

मला बोलावून विचारलं, "पोटुशांपैकी कामाला नालायक कोण?"

मी खरं ते लिहून दिलं. सगळ्या ठणठणीत. कुणाला ताप नाही, हगवण नाही.

"शाबास, टायटस. या मळ्यावर एवढा तूच एक शहाणा."

गोऱ्याचं कौतुक म्हणजे काय हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पण गोड लागलं, खोटं कशाला लिहू.

५ मे, सोमवार

बेनेबा कामावर गेली नाही. झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडलीय. हाक मारली तरी ओ नाही. आणि उशाशी कोण बसलंय, तर मिंबा!

मिंबाबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. म्हातारी थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात घालून आणलेली. तोंडात दात मोजकेच, पण जीभ शाबूत. सगळा परगणा तिला 'मा मिंबा' म्हणतो आणि तिच्या पायाशी कोंबड्या, अंडी, रम आणून ठेवतो. कारण म्हणे तिला मेलेले दिसतात, शाप उतरवता येतो, आणि माणसाची सावली कुणी चोरली तर ती परत आणून बसवता येते. माझ्या दवाखान्यातले लोक माझं औषध भिंतीमागे ओततात आणि हिच्या घरी जाऊन बरे होतात. अशा लोकांत आयुष्य काढायचं!

"काय क्वाओ, आलास?" चिलीम न काढता म्हातारी म्हणाली.

"माझं नाव टायटस आहे."

"थोरल्या मालकाच्या कुत्र्याचंही टायटसच होतं. तू गुरुवारचा, तुझ्या आईने क्वाओ म्हटलं तुला. बस."

मी बसलो नाही. "काय झालंय हिला?"

"सावली गेलीये. ओढ्याकाठच्या मोठ्या सावरीच्या झाडात नेऊन खिळलीये कुणीतरी."

"कुणी?"

"या पोरी ठणठणीत आहेत असं लिहून देणारा कोण, ते विचार जा. त्याच्यापासून सुरू कर."

अडाणी माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी बेनेबाला पाऱ्याची पूड देऊन आलो. मागे वळून पाहिलं तर म्हातारीने ती कोंबडीला टाकली होती. कोंबडीनेही खाल्ली नाही.

८ मे, गुरुवार

साथ पसरतेय. पोटुशा बाया सगळ्या आडव्या. आज पाजणाऱ्याही. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं: सावली गेली, हातपाय उचलत नाहीत. ताप नाही, पुरळ नाही, जिभा स्वच्छ. डॉक्टरांनी दोघींचं रक्त काढलं, हवेला नावं ठेवली आणि जेवायला साहेबाच्या बंगल्यावर गेले.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटली. या दुखण्यात भूक जात नाही. खारा मासा आणि भाजलेली केळी झोपड्यांतून नेमाने जातात, ताटं रिकामी परत येतात. डॉक्टरांना हे सांगायचं राहिलं.

मुकादम चाबूक काढायला निघाला होता. मिंबा दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मार. पण सावली नसलेल्या अंगावर जो मारतो, त्याची सावली त्या रिकाम्या जागेत शिरते." मुकादम पुरुषासारखा पुरुष, पण चाबूक गुंडाळून परत गेला. त्याची बायको त्याच झोपडीत आडवी होती, हेही कारण असेल.

१० मे, शनिवार

दुपारी कुंपणापाशी म्हातारी स्वतः मला शोधत आली. चक्क गोड बोलली.

"क्वाओ, तू शिकलेला माणूस. तू म्हणतोस, सावल्या जागेवर आहेत."

"आहेतच. डोळे असलेल्याला दिसतात."

"मग दाखव की. मंगळवारी, भर बारा वाजता, उघड्या अंगणात. ऊन टळटळीत असताना, म्हणजे कुणी अंधाराचं निमित्त सांगायला नको. साहेबालाही बोलाव. सावली दिसली तर मीच बायांना हाताला धरून उसात नेते."

"शब्द?"

"माझ्या बापाच्या कबरीची शपथ."

म्हातारीने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. मी साहेबाला कळवलं. तो इतका खूष झाला की मला अर्धी बाटली रम दिली. मी रात्रभर भाषणाची तयारी केली.

१३ मे, मंगळवार

हे लिहायला हात धजत नाही.

सगळं मी नीट ठरवलं होतं. आभाळात ढग नाही, वारा नाही. उसाचा रस उकळतात त्या कढईघरापुढचं अंगण मी स्वतः झाडून घेतलं. बाया ओळीने उभ्या केल्या, बेनेबा सगळ्यांत पुढे. साहेब घोड्यावर, मुकादम शेजारी, तोडीचे पुरुष कोयते खांद्यावर टाकून कुंपणाला टेकलेले. मिंबा एका पालथ्या टोपलीवर बसून चिलीम ओढत होती.

मी घसा साफ केला. सूर्य म्हणजे दिवा. दिव्यापुढे काहीही धरा, मागे काळं पडणारच. मडकं धरा, बैल धरा, माणूस धरा. त्यात चोरण्यासारखं काही नाही. अंगावर मांस आहे तोवर सावली आहे. असं सगळं मी समजेल अशा भाषेत सांगितलं. मग हात लांब करून म्हणालो, "आता बघा खाली!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं.

सावली नव्हती.

बेनेबाच्या पुढे नाही, मागे नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. टाचांखाली काहीतरी काळपट दडल्यासारखं होतं, तेवढंच. मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेलो. एकीचीही नाही.

"कुठंय मामा?" बेनेबाने विचारलं.

मी माझ्या बुटांकडे पाहिलं. माझीही नव्हती.

एक बाई किंचाळली आणि खाली बसली. मग दुसरी, मग ओळच्या ओळ. पुरुषांनी कोयते जमिनीवर ठेवले आणि तेही बसले. एवढी घाबरगुंडी उडाली, पण एकही पोटुशी धाडकन पडली नाही. सगळ्या हात टेकून, जपून, कुशीवर कलंडल्या. घाबरल्यावरसुद्धा बायकांची सवय सुटत नाही. कुंपणापाशी एक म्हातारा तोंडावर टोपी धरून हुंदके देत होता. निदान मला तरी ते हुंदके वाटले.

साहेब चुन्यासारखा पांढरा पडला. घोडा इकडे वळवून पाहिला, तिकडे वळवून पाहिला, मग टाच मारून थेट बंगल्यावर गेला आणि खिडक्या लावून घेतल्या.

मिंबाने चिलीम झटकली. "छान बोललास," म्हणाली.

१५ मे, गुरुवार

चरक बंद. खेचरं मोकळी चरताहेत. तोडलेला ऊस ढिगांनी पडलाय आणि रस आंबल्याचा वास दवाखान्यापर्यंत येतोय. आता पुरुषांच्याही सावल्या गेल्यात. शेजारच्या मळ्यावरून खेचरवाला आला होता, तो सांगत होता की तिथल्या बायांचीही कालपासून तीच तऱ्हा. मी डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली: दुखणं संसर्गजन्य दिसतं, भिंतींना चुना मारावा, दोन्ही मळ्यांमधली ये-जा बंद करावी.

साहेबाने मला बोलावून हळूच विचारलं, "टायटस, सावली नसलेल्यांना चाबूक मारला तर खरंच काही होतं का?"

"असं काही नसतं, साहेब."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अंगणातली सावली मीच झाडून टाकली असावी.

१७ मे, शनिवार

किंग्स्टनहून मालकाचा मुखत्यार आला. जाडा, घामट, पण साखरेपुढे त्याला दुसरं काही सुचत नाही. असा माणूस साहेबापेक्षा परवडला. त्याने ढीग पाहिले, आभाळ पाहिलं, आणि म्हणाला, "ती म्हातारी कुठाय?"

मिंबाला खुर्ची दिली! मी दारात उभा.

"सावल्या आणशील?"

"आणीन. पण अवजड अंगावर त्या ठरत नाहीत, साहेब. पोटुशीने खड्डा खणला की सुटतात. पाजणारीने पोर टाकून अंधारात उसाची वाट धरली की सुटतात. मग मी तरी किती वेळा झाडाकडे जायचं? गुडघे दुखतात माझे."

"म्हणजे त्यांनी काम करायचं नाही?"

"करतील की. पाचट वेचतील, खुरपतील. पाजणाऱ्या ऊन वर आलं की येतील. पहिल्यासारखं."

"माझा हुकूम होता की..." आमचा साहेब मध्येच बोलला.

"तुमच्या हुकमाचा रस आंबलाय, रॅट्रे," मुखत्यार म्हणाला. "बाई, उद्याच आणा सावल्या. जहाज थांबणार नाही."

मला कुणी काही विचारलं नाही. वास्तविक चुन्याबद्दल मी बोलणार होतो.

१८ मे, रविवार

ओढ्यापलीकडे उभा राहून मी सगळा तमाशा पाहिला. सावरीच्या त्या अजस्र झाडाभोवती पांढरे कपडे घालून शेकडो माणसं जमली, शेजारच्या मळ्यांवरचीसुद्धा. संसर्ग म्हणजे काय हे या लोकांना सांगून उपयोग नाही. ढोल, गाणी, झाडाच्या बुंध्यावर अंड्यांचा मारा. चांगली ताजी अंडी! मग पाण्याची परात वर धरली, म्हातारी ओरडली, "धरली!" आणि परातीवर झाकण घालून सगळे ओल्या फडक्यांनी बायांची डोकी पुसत घराकडे पळाले. बेनेबा हसत होती. पळू नको म्हणून मी इकडून ओरडलो, पण ढोलात कोण ऐकतंय.

गुडघेदुखीवाली मिंबा सगळ्यांच्या पुढे पळत होती.

२० मे, मंगळवार

सगळे कामावर. गात गात. एका दुपारीत मळाच्या मळा बरा. माझ्या पाऱ्याला तीन दिवस लागतात आणि निम्म्यांचे दात हलतात.

२२ मे, गुरुवार

आज डॉक्टरांना अंगणातली हकीकत सांगितली. ते हसता हसता खुर्चीतून खाली यायचे राहिले.

"गाढवा, मे महिन्याच्या मध्याला इथे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो! बारा वाजता कुणाचीच सावली पडत नाही. दरवर्षी होतं हे. तू इतकी वर्षं काय केलंस?"

दवाखान्यात होतो. दुपारी बारा वाजता मी पट्ट्या धूत असतो.

म्हणजे सगळा नुसता योगायोग! म्हातारीचं नशीब म्हणायचं, की तिने नेमका तोच दिवस सांगितला. आणि ती बिचारी अडाणी माणसं; जन्मभर उन्हात राबली, तरी त्या दिवशी माझ्याइतकीच घाबरली. मला खरं सांगायचं तर त्यांची कीव आली.

२६ मे, सोमवार

मुखत्यार परत गेला तसा साहेबाने डाव साधला. शिपाई येऊन मिंबाला घेऊन गेले. ओबियाचा, म्हणजे जादूटोण्याचा, कायदा लावलाय. झडतीत अंड्यांची टरफलं, पिसं, रमची बाटली, पोपटाची चोच आणि माती सापडली. शाबीत झालं तर फाशी, नाहीतर बेटाबाहेर विक्री.

म्हातारी जाताना कोंबड्यांना दाणे टाकून गेली.

३० मे, शुक्रवार

साहेबाने मला खुर्चीवर नाही, पण स्टुलावर बसवलं.

"कोर्टात दोघांची साक्ष. माझी आणि तुझी. तिने बायांवर जादू केली, एवढं सांगायचं. तुझी ती भाची, काय नाव तिचं? तिला बाळंत होईपर्यंत बंगल्यावर शिवणाला बसवू. सावलीत."

म्हातारी माझी कोण लागते? माझं औषध कोंबडीला घालणारी, माझ्या नावाला कुत्र्याचं नाव म्हणणारी. आणि बेनेबा माझी आहे. यात विचार करण्यासारखं काही नाही. तरी जेवण गेलं नाही.

१ जून, रविवार

बेनेबाला आनंदाची बातमी सांगितली. ती मिरच्या निवडत होती, निवडतच राहिली.

"मला शिवणाला बसवणार. आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांचं मी काय करू?"

"मा मिंबा गेली की दुसऱ्या दिवशी हुकूम परत येईल, मामा."

"तुला तर नाही ना लागू होणार!"

"या वेळेला नाही. पुढच्या वेळेला?" मग तिने मान वर केली. "माझी दोन्ही गेली तेव्हा तू काय लिहिलं होतंस रे?"

मी लिहिलं होतं: गर्भपात, कारण माहीत नाही.

मूर्ख पोरगी. चालून आलेलं सुख लाथाडते. मला झोप लागेना.

९ जून, सोमवार

कोर्टात तीन न्यायाधीश, सगळे ऊसमळेवाले, जेवणाची वेळ झालेली. आधी साहेबाची साक्ष. बायबलवर हात ठेवून तो म्हणाला, "या बाईने भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यांच्या सावल्या नाहीशा केल्या. माझ्या घोड्याचीसुद्धा."

कुणाला काय वाटायचं ते वाटो, पण मला अडाणीपणा सहन होत नाही. मला काय बोलायचं ते ठरलेलं होतं. मिंबा समोर बेड्यांत बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि हा माणूस, विलायतेत शिकलेला, घोड्याची सावली चोरीला गेली असं शपथेवर सांगतोय!

"साहेबलोक," मी म्हणालो, "मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा जमैकात गव्हर्नरसाहेबांचीही सावली पडत नाही. डॉक्टर पेटिग्रूंना विचारा."

एक न्यायाधीश खोकला. दुसरा हसला. तिसऱ्याने साहेबाला सुनावलं, "रॅट्रे, तुम्ही टोपी घालून हिंडत जा हो."

"बायांना अंगणात कुणी उभं केलं? या म्हातारीने?" त्याने मला विचारलं.

"नाही. मी. भाषणही मीच केलं. ती टोपलीवर बसली होती. सावल्या घालवणं हा गुन्हा असेल तर गुन्हेगार मी आहे."

आता कोर्टच हसायला लागलं. मग वस्तू दाखवल्या. "ही टरफलं कसली?"

"अंड्यांची. ती अंडी खाते. माझ्या रोग्यांनी मला द्यायची ती हिला देतात. माती तिच्या पायाची असेल, ती घर झाडत नाही. रमची बाटली रिकामी आहे, यावरून काय ते समजा. हिला जादू येत असती तर आधी दात आणले असते."

मिंबाने आत्ता कुठे माझ्याकडे पाहिलं. नजर काही प्रेमळ नव्हती.

"मग बाया कामावर का गेल्या नाहीत?"

इथे थांबता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं: "कारण त्या आजारी होत्या. नऊ महिन्यांच्या ओझ्याने आणि पहाटेपासूनच्या उसाने माणूस आजारी पडतं. त्या ठणठणीत आहेत असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. माझ्या भाचीची दोन पोरं त्याच कामाने मेली आणि मी लिहिलं, कारण माहीत नाही. कारण मला माहीत होतं."

हसणं थांबलं. न्यायाधीशांनी घड्याळ काढलं. पुरावा नाही, म्हातारीला सोडा; आणि दवाखान्यात असला गाढव का ठेवलाय ते मळ्याने बघावं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण निदान अडाणीपणाला तरी आळा बसला.

१४ जून, शनिवार

पालथा पडून लिहितोय. चाबकाची शिक्षा झाली. बूट काढून घेतले. बरं वाटलं की खड्डे खणणाऱ्यांच्या टोळीत.

मिंबा आली आणि पाठीवर कोरफडीचा गर लावायला लागली. कोरफड माझ्या फळीवरही होती, हे मी तिला सांगितलं.

"दात आणले असते म्हणालास."

"तुला वाचवायला म्हणालो, म्हातारे."

"ते कळलं. तरी म्हणालास." आणि तिने गर जरा जोरातच चोळला.

११ सप्टेंबर, गुरुवार

बेनेबा काल बाळंत झाली. मुलगी. जिवंत. आवाज असा की कढईघरापर्यंत जातो. मिंबाने मला दारातच अडवलं. नऊ दिवस पोर माणसांचं आहे की पलीकडचं पाहुणं आहे हे ठरत नाही म्हणे, तोवर बघायचं नाही, नाव ठेवायचं नाही. असला खुळचटपणा! मी मागच्या फटीतून पाहिलं. डोकं माझ्या बहिणीसारखं आहे. मी तिथे बराच वेळ रडलो. धुराने.

६ ऑक्टोबर, सोमवार

मुखत्यार विलायतेला निघून गेला. त्याच्या जहाजाचं शीड दिसेनासं व्हायच्या आत साहेबाने जुना हुकूम बाहेर काढला. आज पहाटेच्या शंखाला पाजणाऱ्याही खड्ड्यांवर.

आम्ही ओळीने उभे होतो, मी आणि कुदळ दोघे एकमेकांना वैतागलेले. ओळीतल्या बाया मला रोज हसतात. माझा खड्डा म्हणे कोंबडी उकरते तसा असतो. बेनेबा पोरीला पाठीशी बांधून आली.

"पोर बांधावर ठेव," साहेब म्हणाला. "ओळीत ये."

"साहेब, ती अजून महिन्याचीही नाही. ठरलं होतं..."

"ठरवणारा गेला. ठेव खाली."

मिंबा बांधावर बसली होती. सगळी ओळ तिच्याकडे बघायला लागली. ती काही बोलली नाही. तिने काही म्हटलं असतं तर या वेळी साहेब तिला सोडणार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

नुकतं उजाडलं होतं. सूर्य इतका खाली की सगळ्यांच्या सावल्या शेतभर लांबच लांब पडलेल्या, चार-चार माणसांएवढ्या. माझी तर साहेबाच्या घोड्याच्या पोटाखालून पलीकडे गेली होती. असल्या वेळी सावलीचं निमित्त शेंबडं पोरही सांगणार नाही.

बेनेबाने पाठीची गाठ सोडायला हात मागे नेला.

मी कुदळ टाकली आणि खाली बसलो.

"साहेब," मी म्हणालो, "माझी सावली गेली."

"काय?" त्याने घोड्याखाली पाहिलं. "अरे गाढवा, ही काय इथे! ही कुणाची आहे?"

"ते मला ठाऊक नाही. मी दवाखान्यात जन्म काढलाय, साहेब. मला दुखणं कळतं. माझी गेली आहे."

शेजारची बाई बसली. तिच्या पलीकडचा बसला. मग कुदळी पडल्याचे आवाज ओळीच्या टोकापर्यंत गेले. मुकादम तेवढा उभा राहिला होता, तोही थोड्या वेळाने बसला. साहेब एकेकाच्या सावलीकडे बोट दाखवून ओरडत होता, ही बघा, ही बघा, आणि कुणीही बघत नव्हतं.

मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो की माझा या थोतांडावर काडीचा विश्वास नाही. पाठ दुखत होती, म्हणून बसलो.

साहेब बराच वेळ थांबला. मग घोडा वळवून बंगल्याकडे गेला. उद्या तो काय करेल ते उद्या. बेनेबा बांधावर जाऊन बसली आणि तिने पोरीला पाजायला घेतलं.